सगळ्यांचेच वडील कडक शिस्तीचे

मी एक जुना प्रिंटर आहे, मित्रांनो; सुयांचा प्रिंटर. आजकालचे प्रिंटर कागदावर गुपचूप अक्षरे उमटवतात. आमच्या पिढीला ते जमत नसे. माझ्या तोंडात बारीक सुयांची ओळ आहे. त्या रिबनवर टोचत जातात आणि ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उभे राहते. तेव्हाचा माझा कर्रकर्र आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

माझा जन्म गुमी शहरातल्या कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी ट्रकने बुसान या बंदराच्या शहरात आलो. सासांग भागात, बुटांच्या कारखान्यांमागच्या गल्लीत प्यो दल-सू यांचे टायपिंगचे दुकान होते. त्यांनी मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवले. पहिला कागद छापून निघाला, तेव्हा शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून मला बघायला आला होता. मला फार अभिमान वाटला.

सुरुवातीला मी पावत्या छापल्या, लग्नपत्रिका छापल्या. पुढे बुटांचे कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. मग गल्लीतल्या सगळ्यांना एकच कागद हवा असे : नोकरीच्या अर्जाला जोडायचे, स्वतःची ओळख सांगणारे पत्र. मालकांनी असे एक पत्र संगणकाच्या फ्लॉपीत तयारच ठेवले होते. नाव बदलायचे आणि मला हुकूम सोडायचा. "कडक शिस्तीचे वडील आणि मायाळू आई यांच्या संस्कारांत मी लहानाची मोठी झाले. मी कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ आहे…" असे दोन पाने भरून. मला ते तोंडपाठ झाले होते.

नाम ओक-बुन आणि यम सुन-दक या दोघी एकाच कारखान्यात शेजारी बसत. ओक-बुन बुटाचा वरचा भाग शिवायची, सुन-दक तळवे चिकटवायची. कारखान्याला टाळे लागले तेव्हा दोघींची चाळिशी उलटली होती. सुन-दकच्या घरी म्हातारी आई आणि शाळेत जाणारी मुलगी. मिळवणारी ती एकटीच. एका शाळेच्या स्वयंपाकघरात बाई हवी होती. जागा एकच, म्हणून दोघींनी एकमेकींना न सांगता अर्ज केला. पत्र मात्र दोघींनी आमच्याच दुकानातून नेले.

पुढच्या आठवड्यात दुकानाचे दार धाडकन उघडले.

"मालक, आधी तुमचं ते यंत्र बंद करा!" ओक-बुनचा आवाज माझ्याही वर चढला होता. मागे सुन-दक उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते.

"काय झालं, ताई? बसा तरी."

"बसायला नाही आलो. शाळेतल्या बाईंनी आम्हाला दोघींना एकदमच आत बोलावलं. दोन पत्रं शेजारी-शेजारी ठेवली आणि विचारलं, तुम्ही सख्ख्या बहिणी का? वडील तेच, आई तीच, स्वभाव तोच, चुकलेला शब्दसुद्धा तोच!"

"मग?"

"मग काय, दोघींना घरी पाठवलं. आणि ही बया बसमध्ये माझ्याशी बोलेना. म्हणे, मी हिचं पत्र चोरलं!"

"मला काय माहीत, ताई, हे सगळ्यांना एकच सदरा घालतात ते?" सुन-दक म्हणाली. मग ती मालकांकडे वळली. "मी आईच्या पोटात असताना माझे वडील मासेमारीला गेले. त्यांची बोट परत आलीच नाही. ते कडक होते की मऊ, मला कुठं ठाऊक? आणि त्या बाई विचारतात, वडिलांची कुठली शिस्त तुम्ही अजून पाळता? काय सांगणार होते मी?"

मालकांनी चष्मा काढला.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "लोकांना घाई असते. आणि मलाही लिहायला कुठं येतं?"

"माझे वडील तर दिवसभर पत्ते कुटायचे," ओक-बुन फणकाऱ्याने म्हणाली. "कडक होती ती आई! लाटणं दिसलं की आम्ही सगळे पळायचो, वडील सगळ्यांत पुढं."

सुन-दकला रडता रडता हसू फुटले. मालकांनी ते पत्र त्यांच्यादेखत फ्लॉपीतून पुसून टाकले.

दोन-तीन दिवसांनी ओक-बुन वर्तमानपत्रातली जाहिरात कापून घेऊन आली. सोबत सुन-दकला हाताला धरून आणले होते. यंगदो बेटावर समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायकांसाठी रबराचे पोशाख बनवणारे एक छोटे दुकान होते. तिथे रबर चिकटवणारी बाई हवी होती.

"हे माझं काम नाही, हिचं आहे," ओक-बुन म्हणाली. "लिहा, मालक."

मालकांनी सवयीने सुरुवात केली, "मी कष्टाळू…"

"परत तेच!" ओक-बुनने अडवले. "अर्जात कुणी 'मी आळशी आहे' असं लिहितं का?"

मालक थांबले. "बरं. चिकटवताना तुम्ही काय बघता, तेच सांगा."

सुन-दक आधी अडखळली, मग बोलू लागली. "गोंद दोन्हीकडं लावायचा. बोटाची मागची बाजू टेकवून बघायची. चिकटली नाही, की मगच दाबायचं. दमट हवेत जास्त थांबावं लागतं. मुकादम ओरडायचा, पण मी ओल्यावर कधी दाबलं नाही." मालक टाइप करत राहिले. मग त्यांनी विचारले, "आणि इथंच का जायचं तुम्हाला?"

ती खाली बघत म्हणाली, "पाण्यात उतरलेल्या बायका घरी परत याव्यात म्हणून. ते नका लिहू हो. रडगाणं वाटेल."

"रडगाणं कसलं?" ओक-बुन म्हणाली. "एकच ओळ लिहा, मालक. जास्त नको."

मग मी ते पत्र छापले. जेमतेम अर्धे पान झाले. तळव्यांचे काम, ओल्यावर न दाबण्याची गोष्ट, 'पोशाख मी कधी बनवलेला नाही, शिकावे लागेल' ही कबुली, आणि शेवटी : "माझे वडील समुद्रावरून परत आले नाहीत. मी चिकटवलेला सांधा पाण्यात उघडू नये, याची मी काळजी घेईन." मित्रांनो, इतकी पत्रे छापली, पण आपण कुणाविषयी छापतो आहोत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

त्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकिणीने तिला रबराचे दोन तुकडे जोडायला दिले आणि ते पाण्याच्या बादलीत टाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी मालकिणीने सगळा जोर लावून ते ओढले. सांधा सुटला नाही. सुन-दकला काम मिळाले. ओक-बुनला मात्र थांबावे लागले. तिच्यासाठी मी आणखी तीन पत्रे छापली, दर वेळी वेगळे. शेवटी एका हॉटेलात चादरी-पडदे दुरुस्त करण्याच्या कामावर ती लागली.

सुट्टीच्या दिवशी दोघी मासळीच्या वड्यांचा गरम रस्सा घेऊन दुकानात येत. माझ्या पायाचे रबर निघाले होते आणि छापताना मी टेबलभर थरथरत असे. एकदा सुन-दकने ते पाहिले, पिशवीतून गोंदाची डबी काढली आणि माझा पाय चिकटवून दिला. बोट टेकवून बघून, सावकाश. तो अजून पक्का आहे.

पुढे दुकानात नवा, न बोलणारा प्रिंटर आला. मी फळीवर गेलो. आधी माझ्यावर कापड असे, मग तेही कशाला तरी पुसायला नेले. माझी तक्रार नाही. मालकांचे केस आता पांढरे झाले आहेत, पण पत्रासाठी कुणी आले की ते आधी खुर्ची पुढे करतात आणि विचारतात, "तिथं काम काय आहे? आणि तसलं काय केलंय तुम्ही?"

मोठेपणी तुम्हालाही असे पत्र लिहावे लागेल, मित्रांनो. तयार पत्रे तेव्हाही मिळतील, माझ्यापेक्षा झटपट. पण तुम्ही आपलेच लिहा, थोडक्यात लिहा, आणि येत नसेल ते येत नाही म्हणून सांगा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी म्हातारा फळीवर पडला असेल, तर अधूनमधून त्याची धूळ झटका. सुया गंजल्या की समोरच्याने कितीही खरे सांगितले, तरी कागद कोराच राहतो.