एकतीस माश्या आणि एक पक्कड

टक्!

घरात दुसरं कोणी नव्हतं. चहाची किटलीसुद्धा गार होऊन गप्प बसली होती. त्या शांततेत स्वयंपाकघरातल्या टेबलावर एवढाच आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा, टक्!

मित्रांनो, मी एक जुनी तंबाखूची डबी आहे. पत्र्याची, चपटी, कोपऱ्यांचा रंग उडालेली. तंबाखू माझ्यात होती ती पहिले दोन आठवडेच. मग वेल्समधल्या एमलिन नावाच्या खाणकामगाराने मला धुतलं, माझ्या पोटात मेंढीच्या लोकरीचा तुकडा चिकटवला आणि त्यात आपल्या माश्या टोचून ठेवायला सुरुवात केली.

या माश्या खऱ्या नव्हेत. बारीक गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या. ट्राउट मासा त्यांना पाण्यातला किडा समजतो आणि फसतो. एमलिन त्या स्वतः बांधायचा. शेजारणीच्या काळ्या कोंबडीचं पीस, सशाच्या कानाची लव, मोडक्या रेडिओतली तांब्याची तार. त्याच्या मुलीचा, नेरिसचा, शाळेचा डाळिंबी स्वेटर आखूड झाला तेव्हा त्याची लोकरही माश्यांच्या अंगावर चढली.

काय तोरा होता तेव्हा माझा! आमच्या गावच्या तळ्यात बाहेर वाढवलेले ट्राउट आणून सोडतात. नवे मासे भोळे असतात. दाण्यांवर पोसलेले, काहीही भडक दिसलं की झेप घेतात. पण महिना-दीड महिना तळ्यात काढला की शहाणे होतात आणि तिथलेच किडे खाऊ लागतात. मग भडक माश्यावाले हात हलवत घरी जातात. एमलिन घाई करत नसे. पहिला मासा मारला की तो त्याच्या घशात एक लांब, अरुंद चमचा सरकवायचा. पोटातलं अन्न बशीभर पाण्यात सोडायचा आणि वाकून बघायचा, आज पंगतीला काय आहे. मग मला उघडायचा.

"काय लावलंस रे, एमलिन?" काठावरून कोणीतरी ओरडायचं.

"गळ!" हा एवढंच सांगायचा.

पुढे खाण बंद झाली. बायको गेली. मग हात थरथरू लागले आणि माश्या बांधणं सुटलं. तीन वर्षं मी खिडकीत धूळ खात पडले. पोटात एकतीस माश्या उरल्या होत्या.

या मे महिन्यात मात्र तो नेरिसला म्हणाला, "एकदा तळ्यावर जाऊन येतो गं. या हातांना मासा अजून कळतो की नाही, तेवढं बघू दे. नसेल कळत, तर पुन्हा नाव नाही काढणार."

तळ्यावर आता नवा नियम होता. लागलेला मासा निसटू नये म्हणून गळाच्या टोकामागे असतो तो उलटा दात नको, सोडून दिलेल्या माशाचं तोंड त्याने फाटतं. पक्कडीने दाबून तो दात सपाट करायचा. नेरिसने लेकीला शाळेत सोडलं आणि बाबांना त्रास नको म्हणून, ते घरी नसताना, हे काम स्वतःच करायला घेतलं. नवे गळ दाबले की वाकतात. माझ्यातले गळ जुने, कडक पोलादाचे. ते दाताशीच तुटत होते, टोकासकट. पिसांआड तिला ते दिसेना. प्रत्येक वेळी एक कण उडायचा आणि तिला वाटायचं, चला, दात निघाला! मला वाचा असती तर? एकतीस वेळा मी ते 'टक्' ऐकलं. शेवटी तिने फुंकर मारून मला पुसलं आणि किती मायेने माझं झाकण लावलं!

शनिवारी आम्ही तळ्यावर गेलो. एमलिन, नेरिस आणि तिची पाच वर्षांची लेक कादी. रखवालदाराने माझ्यातली एक माशी बाहीच्या लोकरीवरून ओढून पाहिली. ती कुठेच अडकली नाही. "छान! दात नाही. जा," तो म्हणाला.

एमलिनचा जुना सोबती इद्रिस आधीच एक मासा मारून बसला होता. त्याच्या दोरीला भडक गुलाबी माशी लटकत होती.

"ही माशी आहे की जत्रेतला फुगा?" एमलिनने टोमणा मारला.

"फुग्याला मासा लागलाय, म्हाताऱ्या. तुझ्या सुतकी माश्यांना काय लागतंय ते बघू!"

एमलिनने इद्रिसच्याच माशाच्या घशात चमचा घातला. बशीत बारीक काळे किडे तरंगले. त्याचा चेहरा उजळला. "ती काळी दे, बाळ. डाळिंबी कमरेची."

पूर्वी तो प्रत्येक गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर घासून धार बघायचा. आता ते जमेना. त्याने लेकीवर भरवसा टाकला, आणि तिने माशी बांधून दिली.

निवड अचूक होती, मित्रांनो! पहिल्याच फेकीला दोरी ताणली गेली. आणि सैल पडली. दुसऱ्यांदा तेच. त्याने माशी बदलली, पुन्हा तेच. सात मासे आले आणि सातही गेले. इद्रिसची थट्टा केव्हाच थांबली होती.

एमलिनने गळाची काठी गवतावर ठेवली. "मासे येताहेत गं," तो हळूच म्हणाला. "मासा तोंड लावतो तेव्हा झटका द्यायची वेळ मला कळत नाही. हात गेले माझे. इद्रिस, काठी तू घेऊन जा."

"अरे, पुढच्या आठवड्यात ये ना पुन्हा," इद्रिस म्हणाला.

"नको रे. बघायचं होतं, ते बघितलं."

तो पाठ फिरवून गाडीकडे चालू लागला. नेरिस माश्या माझ्यात ठेवायला बसली. एक बोटावर ओढली. टोचली नाही. दुसरी ओढली. मग ती भराभर सगळ्या काढून बोटावर घासत सुटली. एकही टोचली नाही. तिचा श्वास माझ्या पत्र्यावर पडत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर प्रेम जरूर करा. पण तिला हात लावण्याआधी ती ज्याची आहे त्याला विचारा. मायेने तुटलेलंही तुटलेलंच असतं.

नेरिसने काय करावं? खरं सांगितलं तर त्याचे हात त्याला परत मिळतील, पण त्याच्या लेखी माश्या जातील, आणि तशा बांधणारं आता कोणी नाही. गप्प राहिली तर त्याच्या लेखी माश्या राहतील आणि हात जातील.

कादीने माझ्यातली एक माशी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"आई, हिला टोकच नाहीये. मग आजोबा हात गेले असं का म्हणाले?"