तीळ असलेला हात

“हात बघतेस तसं तोंडही बघत जा गं जरा. हाताला काही नाव नसतं.”

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा कपाटाची किल्ली तिच्या हातात ठेवता ठेवता असं म्हणाल्या होत्या, आणि तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. तोंड कसलं बघायचं? एचआयव्हीच्या तपासणीला येणाऱ्या बायका ओढणी नाकापर्यंत ओढूनच केंद्राची पायरी चढत. धंदा करणाऱ्या बाईला भर दिवसा, ट्यूबलाइटच्या उजेडात कुणी निरखून पाहिलं की ती आकसते, हे तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. त्यापेक्षा आपण मान खाली घालावी, शीर शोधावी, ‘बघू नकोस, झालंच’ म्हणावं आणि तिला मोकळं करावं. केंद्रात नावही विचारत नसत. नंबर सांगितला की पुरे. नाव विचारायला लागलो तर उद्यापासून कोणी फिरकणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

बायकांना तिची ही रीत आवडली होती. त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं सुईताई.

त्या दिवशी सकाळी पहिलाच हात आला तो तिच्या ओळखीचा होता. डाव्या कोपराच्या खळगीत, बरोबर शिरेला लागून, बाजरीच्या दाण्याएवढा तीळ. असा हात समोर आला की तिला बरं वाटे. शोधाशोध नको, टोचाटोच नको.

“हळू हं सुईताई, अंगात रक्त उरू दे थोडं,” ओढणीआडून आवाज आला. “संध्याकाळी कामाला लागेल.”

“तुझ्या अंगात रक्ताला काय तोटा,” ती म्हणाली. कापूस दाबला. पुढचा नंबर.

पाचसहा जणी होऊन गेल्या. मग खुर्चीत आणखी कोणीतरी बसलं. या खेपेस ओढणी हिरवी होती, नंबर वेगळा होता. उजवा हात पुढे आला, पण त्यावर मनगटापासून कोपरापर्यंत उकळत्या पाण्यानं भाजल्याचे फोड होते.

“हा नको. दुसरा दे.”

खुर्चीतली जरा घुटमळली. मग डावा हात आला. तीळ होता. तिळाशेजारी ताजा लाल ठिपका होता, आणि ठिपक्याला कापसाचा एक तंतू चिकटलेला होता.

सुईताईनं सुई खाली ठेवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

समोर एक गोल चेहऱ्याची, पुढचा दात तुटलेली बाई बसली होती आणि चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखी हसत होती.

“सापडले का?” ती म्हणाली. “तरी मी म्हणत होते, आज डावा दाखवायला लागला तर पंचाईत होईल. मेली ती किटली!”

“हे काय चाललंय?”

“अहो ताई, शेजारणीचं काम. तिला सुई बघून चक्कर येते. माझं रक्त चांगलंय, तुम्हीच सांगता ना दर वेळी? मग म्हटलं, माझंच द्यावं. एकमेकींच्या अडीनडीला नको का उपयोगी पडायला?”

सगळ्या गल्लीत तिला हसरी म्हणत. कुणाची पाळी असली की तिच्या वाटचं गिऱ्हाईक घ्यायचं, कुणाचं पोर आजारी असलं की सांभाळायचं, आणि कुणाला सुईची भीती वाटली की तिच्या नंबरवर आपला हात पुढे करायचा. तिच्या लेखी सगळं एकाच माळेतलं होतं.

“आधी कोणाकोणासाठी दिलंस?” सुईताईचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

हसरीचं हसू जरा ओसरलं. “फार नाही हो. एक ती जाडी. तिनं मागाहून स्वतः येऊन दिलं. आणि एक मुकी.”

“मुकी?”

“मुकी नाही, मुकी म्हणतो आपलं. बोलतच नाही ना. ती बाहेर बाकावर बसली होती, मी आत हात दिला. रिपोर्ट चांगला आला म्हणून तर पोर ठेवलं तिनं. तिचा तो ड्रायव्हर आहे ना, कायमचा माणूस, तो पण खूश. म्हणाला, आता आपल्यात ते रबर कशाला?” बोलता बोलता हसरी थांबली. सुईताईचा चेहरा बघून थांबली. “काय झालं ताई? गेल्या खेपेला माझं रक्त खराब होतं का?”

“तुझं चांगलंच आहे गं,” सुईताई म्हणाली. “पण ते तुझं आहे.”

हसरीनं आपल्या हाताकडे पाहिलं. तिनं तो हळूच ओढणीखाली घेतला, जणू हातानंच चहाडी केली होती.

“पोटुशी बाईची तर सरकारी दवाखान्यातही तपासणी होते. तिथे?”

“तिथे तिनं सांगितलं, झाली म्हणून. तुमच्या रिपोर्टचं कार्ड दाखवलं.”

दुपारी केंद्र बंद करून सुईताई गल्लीत गेली. जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरलं तर भिंतीला चिकटावं लागे. पडदे लावून एका खोलीच्या चार केलेल्या होत्या, आणि घरवाली दारातच खुर्ची टाकून पाय चोळत बसली होती.

“मुकी? ती गेली की,” घरवाली म्हणाली. “पोट दिसायला लागल्यावर काय पूजा करू तिची? ड्रायव्हर घेऊन गेला. का, काय निघालं काय तिच्यात?”

“काही निघालं नाही. तपासायचं राहिलंय.”

“मग एवढी धापा टाकत कशाला आलीस? काही नसताना इतका जिना कोणी चढत नाही, बाई.”

सुईताईनं आत डोकावून पाहिलं. मुकीचा पडदा एव्हाना दुसऱ्या कुणाचा झाला होता. पलंगाखाली कुणाच्या तरी चपला होत्या, आणि त्या बघताना तिला एकदम आठवलं: बाहेरच्या बाकाखाली दोन पाय, एका चपलेचा पट्टा सेफ्टी पिनेनं जोडलेला. मुकीचं तेवढंच तिनं पाहिलं होतं.

घरी आल्यावर ती नेहमीसारखी आधी अंघोळीला गेली. सासूबाईंनी तसा नियमच घातला होता. “तिकडचे कपडे घालून पोरीला हात लावू नकोस.” असं स्पर्शानं काही लागत नाही, हे त्यांना समजावून ती थकली होती, आणि खरं तर शिकूनसवरून तीसुद्धा साबण जरा जास्तच चोळायची. बाहेर आली तेव्हा तिची लेक बाहुलीचा हात पकडून त्यावर पेन्सिल टोचत होती.

“बघू नकोस, झालंच,” लेक बाहुलीला सांगत होती. “बघू नकोस.”

तिनं पोरीला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की पोरगी रडायला लागली. ही पोटात असताना तिचं स्वतःचं रक्त तपासलं होतं ते मोठ्या सिस्टरांनी. टोचण्याआधी त्यांनी तिची हनुवटी वर उचलून म्हटलं होतं, “तूच ना गं?” ती किती हसली होती तेव्हा.

तिसऱ्या दिवशी हसरी ड्रायव्हरला दंडाला धरूनच घेऊन आली.

“मला काय धाड भरलीय?” तो दारातूनच ओरडत होता. “मी असल्यातसल्या ठिकाणी जात नाही. एकच बाई आहे माझी.”

“आणि रस्त्यावर गाडी थांबवतोस तिथे काय देवळं आहेत का?” हसरी म्हणाली. “बस गपचूप!”

तो बसला. सुईताईनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. झोप नसलेले डोळे, वाढलेली दाढी, नजरेत थोडी लाज. तपासणीच्या एका पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मग दुसऱ्या पट्टीवर. तिसऱ्यावरही. हसरीला तिनं बाहेर बसवलं होतं.

एचआयव्ही आहे, असं तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तिच्याकडून आलं.”

“तिची तपासणी अजून झालेलीच नाही. तुझी याआधी कधी झाली होती?”

“मला कशाला लागते? तिचा रिपोर्ट होता ना चांगला.”

तिला संताप आला, आणि तो गिळावा लागला. “हे बघ. गोळ्या आहेत. रोज घेतल्यास तर म्हातारा होशील, नातवंडं खेळवशील. तुझं मी कुणाला सांगणार नाही, बाहेर बसलीय तिलाही नाही. पण मुकीला तू सांगायचंस. तिला असेलच असं नाही. पण असेल, आणि बाळंतपणाआधी गोळ्या सुरू झाल्या, तर मूल बहुतेक वाचतं. आता सांग, कुठे ठेवलंयस तिला?”

“ठेवली कुठे! माझी बायको आहे घरी.” त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “बसमध्ये बसवून दिली. बहिणीकडे जाते म्हणाली.”

“बहीण कुठे असते?”

“ते नाही सांगितलं.” तो रडायला लागला होता. “ती बोलत नाही ना. आणि मीही विचारलं नाही. फोन बंद लागतोय.”

तेव्हापासून सुईताई प्रत्येक बाईची ओढणी खाली घ्यायला लावते. “तूच ना गं?” विचारते. दोघीतिघी त्यापायी यायच्या बंद झाल्या, आणि त्यांचा घोर वेगळाच. हसरी अजून येते. सुईची भीती वाटणारीला सोबत आणते, तिचा हात आपल्या मांडीवर घट्ट धरते आणि म्हणते, “तुझाच दे गं बये, माझा संपला.” सुट्टीच्या दिवशी सुईताई लेकीला कडेवर घेऊन एकेका प्रसूतिगृहाच्या रांगेतून फिरते. मुकी दिसते कशी, हे तिनं हसरीला विचारलं होतं. हसरी खूप वेळ विचार करून म्हणाली, “दिसते आपली, माणसासारखी.” म्हणून ती रांगेतल्या चपला बघत जाते, आणि मग चटकन मान वर करते.

तुमच्या शेजारी कुणाकडे अशी कोणी बहीण आली असेल, दिवस भरत आलेली, फारशी न बोलणारी, तर जरा डोकावून या. कुठून आलीस, मुलाचा बाप कोण, हे विचारू नका. तपासणी झाली का, विचारा. झाली म्हणाली आणि कार्ड दाखवलं, तर ते बाजूला ठेवा आणि तिच्या तोंडाकडे बघून विचारा, सुई कोणाच्या हाताला टोचली होती?