जरा पडा, मास्तर

तिघांचं एकमत झालं की चौथ्यानं आपला खिसा चाचपावा, असं मास्तरांचं मत होतं. आणि गेले काही दिवस तिघांचं एकमत झालेलं होतं. सकाळी चहाचा कप हातात देताना बायको म्हणायची, "जरा पडा." दुपारी मशीनवरून मान वर करून साडू म्हणायचा, "मास्तर, जरा पडा की." मेहुणी तिसऱ्या गल्लीत राहायची, पण तिचाही बहिणीला फोन यायचा, "भाऊजींना म्हणावं, जरा पडा." शब्दसुद्धा तेच. यांनी तालीम केलीय, असं मास्तरांना वाटे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. कापड बेतायचं काम त्यांचं, शिवायचं साडूचं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि दुकान त्या बहिणींच्या वडिलांचं. सासऱ्यांनी थोरल्या जावयाच्या हातात कात्री दिली, धाकट्याला मशीनवर बसवलं आणि काही वर्षांनी डोळे मिटले. तेव्हापासून मास्तरांच्या मनात एक कुसळ रुतून बसलं होतं. दुकान आपलं आहे, पण आपलं नाही. दोघी बहिणींनी मनात आणलं तर उद्या आपण कात्रीसकट रस्त्यावर. असं कुणी कधी बोललं नव्हतं. पण न बोललेलंच मास्तरांना जास्त ऐकू यायचं.

सासऱ्यांची रीत वेगळी होती. दुपारचं जेवण झालं की शटर अर्धं खाली ओढायचं, टेबलाखाली चटई टाकायची आणि मस्त ताणून द्यायची. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद म्हणजे बंद. दारात राजा आला असता तरी सासऱ्यांनी त्याला उद्या ये म्हणून सांगितलं असतं. मास्तरांनी कारभार हाती घेतल्यावर आधी चटई गुंडाळली, मग सुट्टी. सुट्टी घेणं म्हणजे आपणच गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानाचा पत्ता देणं, असं ते म्हणत. त्यातच एका मोठ्या हॉटेलच्या सगळ्या नोकरांचे कोट शिवायचं काम मिळालं आणि रात्रीची झोपही त्या कामात गेली. डोळे मिटायला लागले की मास्तर तोंडावर गार पाणी मारायचे आणि पुन्हा बेतायला उभे राहायचे. याला ते मेहनत म्हणत.

मेहनतीचं फळ लवकरच दिसू लागलं. एकदा त्यांनी टेपसाठी सगळं दुकान पालथं घातलं, साडूला उठवून त्याच्या स्टुलाखाली पाहिलं, "कुणी लपवली" म्हणून विचारलं. साडूनं नुसतं बोट दाखवलं. टेप मास्तरांच्या गळ्यात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून दुसरा कुणी हसला असता. मास्तर मात्र विचारात पडले, की ही आपल्या गळ्यात घातली कुणी?

आता मन असं चालायला लागलं की त्याला पुराव्याची कमतरता पडत नाही. बेतलेल्या तुकड्यांचा गठ्ठा मास्तर कापडाच्या पट्टीनं बांधून ठेवत, एका ओढीत सुटेल अशी सैल गाठ मारून. एका दुपारी त्यांनी पाहिलं तर गाठ घट्ट होती.

"गठ्ठा कुणी सोडला?"

"मीच," साडू म्हणाला. "मोजायला."

"मी मोजून देतो ना?"

साडूनं दातानं दोरा तोडला आणि मशीन चालू केलं. उत्तर द्यायचं नसलं की तो मशीन चालवायचा. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की साडू जेवायला घरी जातो तेव्हा त्याची पिशवी फुगलेली असते. जेवायला जाणाऱ्या माणसाची पिशवी रिकामी असावी, हे कोणीही सांगेल. मग घरच्या कपाटातून सासऱ्यांची जुनी कात्री दिसेनाशी झाली.

"धार लावायला दिलीय," बायको म्हणाली.

"तुला कशाला लागते धार?"

"बोथट कात्री घरात ठेवू नये म्हणतात."

असं कोण म्हणतं ते तिनं सांगितलं नाही. तिच्या नखाखाली निळी रेघ होती. शिंप्याच्या खडूची. लहानपणी वडिलांच्या टेबलाशी उभी राहून ती बेतायला शिकली होती, हे मास्तरांना लग्नाच्या वेळी कौतुकानं सांगण्यात आलं होतं. त्यानंतर त्यांनी ते सोयीस्करपणे विसरून टाकलं होतं. आता आठवलं आणि सुतावरून स्वर्ग गाठायला मास्तरांना फार वेळ लागला नाही. नाहीतरी सुताचाच धंदा. ही तिघं मिळून दुसरं दुकान काढतायत. माप माझं, बेत माझा, हॉटेलचं कापड माझ्या टेबलावरचं, आणि मी कुठे असावं यांच्या मते? तर अंथरुणात.

म्हणून मास्तर झोपेनासे झाले. आधी कामामुळे जागत होते, आता राखणीसाठी.

माल द्यायचा दिवस तोंडावर आला होता. त्या दुपारी मास्तर "बटणं बघून येतो" म्हणून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या खांबाआड उभे राहिले. थोड्या वेळानं साडू बाहेर आला, शटर अर्धं ओढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि फुगलेली पिशवी काखेत मारून चालू लागला. इकडेतिकडे पाहिलं, हे महत्त्वाचं. मास्तर त्याच्यामागे निघणार, एवढ्यात खांबाला टेकलेली त्यांची पाठ जरा जास्तच टेकली. सायकलच्या घंटीनं ते दचकून जागे झाले तेव्हा साडू दिसेनासा झाला होता. उभ्या उभ्या डोळा लागला होता. चोरावर पाळत ठेवणाऱ्याची ही तऱ्हा. पण घर माहीत होतं.

साडूच्या घराचा जिना अरुंद होता. वरचं दार उघडंच होतं आणि आतून कात्रीचा आवाज येत होता. कसबी हातातली कात्री कापडातून एकसारखी जाते, मध्ये अडखळत नाही. हा आवाज मास्तरांनी सासऱ्यांच्या हाताखाली कित्येक वर्षं ऐकला होता. खरं सांगायचं तर त्यांना त्या क्षणी राग आलाच नव्हता, भीती वाटली होती.

आत जेवायच्या टेबलावर हॉटेलच्या कोटाचं कापड पसरलेलं होतं. बायको बेतत होती, मेहुणी खिडकीशी मशीनवर शिवत होती, आणि साडू पिशवी रिकामी करत होता.

"नवीन दुकानाचं नाव काय ठेवताय?" मास्तर दारातून म्हणाले.

मशीन थांबलं. साडूचा हात पिशवीतच राहिला. बायकोनं मात्र बेत पुरा केला आणि मग मान वर केली.

"दार लावून घ्या. वाऱ्यानं कापड हलतंय."

"भाऊजी, बसा ना," मेहुणी म्हणाली.

"मी बसायला आलो नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? दुकान काढायचं तर सांगून काढा."

"दुकान काढत नाही," बायको म्हणाली. "आहे ते बुडू नये म्हणून धडपडतोय."

तिनं पलंगाखालून एक गाठोडं ओढलं आणि त्यांच्यासमोर सोडलं. आत बेतलेले तुकडे होते. एका पाठीचे दोन खांदे दोन उंचीचे होते. एक कॉलर लहान मुलाच्या गळ्यालाही झाली नसती. आणि बाह्या होत्या, जोडीजोडीनं, आणि जोडीतल्या दोन्ही डाव्या. खडूच्या खुणा मास्तरांच्या होत्या. त्यांचा सातचा आकडा सगळ्या जगापेक्षा वेगळा होता, आणि तो प्रत्येक तुकड्यावर होता.

"रोज एवढं चुकलेलं निघतं," साडू खालच्या आवाजात म्हणाला. "मी ते इकडे आणतो. या दोघी नवीन बेतून देतात, मी ते गठ्ठ्यात परत ठेवतो. कापड आम्ही वेगळं आणलं."

मास्तरांनी एक बाही उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि खाली टाकली. "हे माझं नाही. खडू काय, कुणीही मारेल. दोन डाव्या बाह्या पहिल्या महिन्यातलं शिकाऊ पोर काढतं. मी काढीन?"

"म्हणजे आम्ही मुद्दाम केलं?" मेहुणीनं विचारलं.

"मला काय माहीत? तुम्ही तिघं आहात."

मेहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. साडूनं तोंड फिरवलं. इतकी वर्षं एका ताटातलं खाल्ल्यासारखी राहिलेली ही माणसं, आणि मास्तरांनी एका वाक्यात त्यांना चोर ठरवलं होतं. बायकोनं टेबलावरचं कापड बाजूला सारलं, नवा तुकडा काढला आणि वडिलांची कात्री मास्तरांपुढे ठेवली.

"बेता. बाह्यांची एक जोडी. आमच्यासमोर. नीट निघाली तर दुकान तुमचं. आम्ही दोघी पुन्हा उंबऱ्यात पाय ठेवणार नाही, आणि हिच्या नवऱ्यालाही दुसरीकडे काम बघायला सांगते."

साडूनं पिशवी खाली ठेवली.

मास्तरांनी बाह्या सरसावल्या. अशा जोड्या त्यांनी डोळे झाकून बेतल्या होत्या, आणि डोळे झाकून बेतणं हेच तर आजकाल चाललं होतं. कापडाची चांगली बाजू चांगल्या बाजूला भिडवून घडी घालायची, म्हणजे एकाच कापात एक डावी आणि एक उजवी निघते. त्यांनी कापड पसरलं, दुसरा थर वर टाकला, हातानं सपाट केलं. टेप लावली, खडू मारला, बाही खांद्याला जोडतात त्या मुंढ्याचा बाक दोनदा तपासला. कात्री चालवताना श्वास रोखून धरला. कुणी जवळ येत नाही ना, हे ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होते. कुणी आलं नाही. काम झाल्यावर त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले आणि जिंकल्यासारखं तिघांकडे पाहिलं.

बायकोनं साडूला हात पसरून उभं केलं आणि दोन्ही तुकडे त्याच्या दोन खांद्यांना लावले. डावी चपखल बसली. उजवीकडची सुलट धरली तर तिचा बाक पाठीकडे जाई, बाक पुढे आणला तर कापड उलटं होई. तिनं ती दोनदा फिरवून पाहिली. मनापासून पाहिली, बसली तर बरं अशा आशेनं. पण तीही डावीच होती. साडू बुजगावण्यासारखा उभाच राहिला.

मास्तरांनी आधी साडूकडे पाहिलं, मग मेहुणीकडे, मग बायकोच्या हातांकडे. सवय इतक्या लवकर जात नाही. पण कापड त्यांनी स्वतः पसरलं होतं आणि कात्री अजून त्यांच्याच मुठीत होती. संशय घ्यायला खोलीत एकच माणूस उरला होता.

ते पलंगावर बसले. "मला सांगितलं का नाहीत?"

"रोज सांगत होतो की," साडू म्हणाला. "जरा पडा म्हणून."

मेहुणीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तिचे डोळे अजून ओलेच होते, तरी ठेवला. मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

"मी झोपलो तर मी उठेपर्यंत थांबाल?" त्यांनी बायकोला विचारलं.

"नाही थांबणार. माल द्यायचाय."

"म्हणजे माझ्यावाचून होतं."

"होतं," ती म्हणाली. खोटं बोलायचं तिनं मनात आणलं नाही. "थोडे दिवस होतं. कायम नाही व्हायचं. माझे खांदे आत्ताच भरून आलेत. आता आडवे व्हा."

मास्तर आडवे झाले. हे लोक आता काय करतात ते ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. कात्रीचा एक आवाज त्यांनी ऐकला. दुसरा ऐकला नाही.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. ते कुठल्या दिवसाचं होतं, हे त्यांना कळेना. अंगावर पांघरूण होतं. आतल्या खोलीत बहिणी हळू आवाजात बोलत होत्या, आणि साडू दारात चपला काढत होता. त्याची पिशवी रिकामी होती.

"कोट?" मास्तरांनी विचारलं.

"पोचवले. सगळे."

"मॅनेजरनं विचारलं असेल, मास्तर कुठेत."

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"झोपलेत म्हणालो."

मास्तरांनी डोळे गच्च मिटले. भर दुपारी, ऐन कामाच्या दिवशी, एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला. "मग? काय म्हणाला तो?"

"बरं म्हणाला."

"नुसतं बरं?"

"नुसतं बरं. मग कोट मोजून घेतले."

मास्तर कोपरावर उठले आणि साडूचा चेहरा निरखून पाहू लागले. काही दडवतोय का, काही उरलंय का. साडूच्या चेहऱ्यावर थकव्याशिवाय काही नव्हतं. मास्तरांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं.

"आणखी कुणी विचारलं?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही, मास्तर."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं पलंगाच्या कडेला सरकून त्यांनी दुसऱ्या माणसापुरती जागा केली. "तूही पड जरा," ते म्हणाले. "तिकडे त्या दोघींनाही सांग."