चुकीच्या गालाचा दस्ता

डावखुऱ्या माणसाची थट्टा चार लोक करतात, डावखुऱ्या बंदुकीची मात्र सगळा गाव करतो. मित्रांनो, मी तशीच एक जुनी शिकारी रायफल आहे. माझा बोल्ट, म्हणजे गोळी भरायला ओढायची दांडी, उजवीकडे नाही, डावीकडे आहे. दुकानात मी तीन वर्षं भिंतीला टेकून उभी होते. येणारं गिऱ्हाईक मला उचलायचं, सवयीने उजवीकडे बोल्ट चाचपायचं आणि हसून परत ठेवायचं.

मग एके दिवशी आउने आली. वय चोवीस, जंगलात रोपं लावून लावून हाताला घट्टे पडलेले. तिने मला डाव्या खांद्याला लावलं, डावा गाल अक्रोडाच्या लाकडी दस्त्यावर टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही. दुकानदार म्हणाला, बांधून देऊ का? ती म्हणाली, नको, अशीच नेते.

त्यानंतर बत्तीस शरद ऋतू आम्ही दोघींनी एकत्र काढले. हाउकिवारा गावाच्या शिकारमंडळात दलदलीच्या काठाची सात नंबरची जागा तिची होती, तिच्याआधी तिच्या वडिलांची. कुत्रं मूस हरणाला हाकत आणायचं आणि आम्ही तिथे श्वास रोखून उभ्या असायचो. आउनेला दुसरी गोळी झाडावी लागत नाही, असं लोक म्हणायचे. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. आउने माझी नळी दर वर्षी तेलाने पुसायची, पण पोटाखालचे, दस्ता धरून ठेवणारे दोन स्क्रू तिने कधी उघडले नाहीत. नीट चाललंय त्याला कशाला हात लावा, असा तिचा स्वभाव.

एकदा दलदलीतल्या ओल्या फळीवरून ती घसरली आणि मी तिच्याखाली सापडले. बाहेरून ओरखडाही नव्हता. पण आत, जिथे माझं पोलाद प्रत्येक बाराला लाकडावर आदळतं, तिथे केसाएवढी चीर गेली. त्या दिवसापासून गोळी झाडली की मी दस्त्यात किंचित सरकायचे. मला ते कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. याहून वाईट दुखणं मी दुसरं पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षीच्या शरदात धुक्यातून एक मूस मादी बाहेर आली. आउनेने शांतपणे नेम धरला, चाप ओढला आणि गोळी मादीच्या मागच्या पायात बसली. जखमी जनावर सोडून घरी जायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. मंडळाचा प्रमुख ओइवा कुत्र्याला घेऊन दोन दिवस रक्ताच्या मागावर चालला आणि शेवटी भुरभुरत्या बर्फात त्याने एका गोळीत तिची सुटका केली. त्या दोन दिवसांत आउनेला कोणी चकार शब्द बोललं नाही. आमच्या गावात यापेक्षा मोठी शिवी नाही. मंडळाच्या खोपटात कॉफी ओतताना ओइवा तेवढं म्हणाला, "वय कुणाला चुकलंय, आउने? डोळे दाखवून घे एकदा."

तिने डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मग तर ती खचलीच, कारण आता दोष द्यायला फक्त हातच उरला होता. तिने ओइवाला सांगून टाकलं की हंगामाआधीच्या नेमबाजीच्या परीक्षेत एकदाच उभी राहीन. चार गोळ्या वर्तुळात बसल्या नाहीत तर सात नंबर दुसऱ्या कुणाला दे.

परीक्षेआधी मला साफ करून घ्यायला ती तालुक्याच्या बंदूकदुरुस्तीवाल्या रेइमाकडे गेली. त्याने स्क्रू काढले आणि दस्ता त्याच्या हातात दोन तुकडे होऊन आला. आउने जवळच्या स्टुलावर बसली ती पाच मिनिटं उठलीच नाही.

आता नवा दस्ता हवा होता. डाव्या हाताचा लाकडी दस्ता मागवला तर नोव्हेंबरात येणार, म्हणजे परीक्षा होऊन गेल्यावर. दुकानात एकच डावा होता, काळा प्लास्टिकचा, पोकळ, नख लागलं तरी वाजणारा. आउनेने नाक मुरडलं. "हा शिकारीचा आहे की बादली करताना उरलेला?"

चिरेची बातमी ओइवापर्यंत गेली. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, माळ्यावर त्याने स्वतःच्या बंदुकीसाठी नऊ वर्षं वाळवलेली लहरदार रेषांच्या बर्च लाकडाची फळी होती. ती त्याने खाली काढली, मापासाठी माझा फुटका दस्ता नेला आणि तीन आठवडे कोरत बसला. रेइमाने प्लास्टिकचा दस्ता तरीही आउनेच्या गाडीत टाकून ठेवला. नाही लागला तर परत आण म्हणाला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ओइवा नवा दस्ता घेऊन आला. काय देखणा होता तो! बोल्टची खाच बरोबर डावीकडे. पण जुन्या दस्त्याला गालपट्टी नव्हती. ओइवाने हौसेने सुंदर गोलाई काढून ती बसवली, दस्त्याला बाकही दिला, आणि ते सगळं आयुष्यभराच्या सवयीने उजव्या गालासाठी केलं. तो बसवून आउनेने मला खांद्याला लावलं मात्र, तिला कळलं. मलाही कळलं. ओइवा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने त्याचे आभार मानले आणि त्याला आणखी कॉफी ओतली.

रविवारी मैदानावर सगळं मंडळ जमलं होतं. चार वाजले की गोळीबार बंद, आणि सव्वातीन झाले होते. नेम जुळवायला तिने तीन गोळ्या झाडल्या. मान वाकडी करून ती दुर्बिणीत डोळा आणायची आणि अर्धं चित्र काळंच दिसायचं. दोन गोळ्या काठावर लागल्या, एक बाहेर गेली. माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. ओइवा तिच्या डोळ्यांकडे बघत होता. ती गप्प राहिली असती तर जागा जाणार होती. बोलली असती तर नऊ वर्षांच्या लाकडाचा आणि त्या माणसाचा चारचौघांत अपमान होणार होता. मला वाटलं, ही काही बोलायची नाही.

आउनेने माझा बोल्ट उघडला, मला रिकामं केलं आणि ओइवाच्या हातात दिलं.

"ओइवा, हा तुझ्या गालाचा आहे रे. माझ्या नाही."

ओइवाने जन्मात पहिल्यांदा बंदूक डाव्या खांद्याला लावली. मान इकडे केली, तिकडे केली. त्याचे कान लाल झाले.

"बत्तीस वर्षं तुझ्या शेजारी उभा राहतोय," तो हळूच म्हणाला, "आणि तू कुठला गाल टेकवतेस ते मला माहीत नाही." मग एकदम ओरडला, "स्क्रू काढायचं कुणाकडे आहे? वेळ बघा की!"

गाडीतून बादलीचा दस्ता आला. ओइवानेच तो बसवला. नेम जुळवून झाला तेव्हा चारला सहा मिनिटं होती. मग परीक्षा. दीड मिनिटात चार गोळ्या. त्या कुरूप प्लास्टिकवर तिचा गाल जिथे हवा तिथे टेकला आणि मी जागची हलले नाही. ओइवा स्वतः लक्ष्यापर्यंत चालत गेला, भोकांवर बोट ठेवून मोजली, पुन्हा मोजली.

"चारही आत. सात नंबर तुझाच." मग जरा थांबून म्हणाला, "त्या जनावराचं खापर मी तुझ्या डोळ्यांवर फोडलं."

"खापर माझ्यावरच राहू दे," आउने म्हणाली. "बत्तीस वर्षांत दोन स्क्रू उघडून बघायला मला सवड झाली नाही. ती बिचारी दोन दिवस चालली ती त्यामुळेच."

या हिवाळ्यात ओइवाने स्वतःची बंदूक आरशासमोर उभी केली आहे. आरशातल्या बंदुकीकडे बघत बघत तो डाव्या गालाच्या दस्त्यासाठी दुसरं लाकूड कोरतो. दर शनिवारी आउने त्याच्याकडे जाऊन गाल टेकवून येते, आणि तो पेन्सिलीने खूण करतो.

मित्रांनो, तुमच्या हातातल्या वस्तूंना तोंड नसतं. वर्षातून एकदा त्या उघडून आत बघत जा, कारण आम्ही बिघडलो तर मार भलत्यालाच बसतो. आणि कुणाचा नेम चुकायला लागला, तर त्याच्या डोळ्यांवर शंका घेण्याआधी त्याच्या हातात काय आहे ते एकदा आपल्या खांद्याला लावून बघा.