वाजवू नका, फक्त श्वास घ्या

माझ्या नाकाची कीर्ती मोठी आहे. गाणं सुरू व्हायच्या आधी मी नाकाने जोरात श्वास ओढतो आणि त्या श्वासावर आम्हा चौघांचे गज एकदम तारांवर उतरतात. हाताने खूण करावी तर हातात व्हायोलिन, मान हलवावी तर बाकीच्यांचे डोळे समोरच्या कागदात. म्हणून श्वास. तो किती लांब आहे यावरून लय कळते आणि किती जोरात आहे यावरून सूर हळुवार लावायचा की ठासून, तेही कळतं. आमच्यात याला श्वास देणं म्हणतात.

रेकॉर्डिस्टचा मात्र या श्वासावर दात. त्याला आम्ही कानसेन म्हणतो. काचेपलीकडून तो ओरडायचा, "अहो, नाक आहे की लोहाराचा भाता? माईकमध्ये वादळ येतंय!" नंतर गाणं जुळवताना तो माझा श्वास कापून टाकायचा. तशीच नानांच्या खुर्चीची करकर. नाना आमचे चेलोवाले. कानसेनने त्यांच्या खुर्चीखाली कापडाच्या घड्या सरकवल्या, सांध्यांत तेल सोडलं, शेवटी वैतागून नानांनाच वजन उतरवायला सांगितलं. नाना गेले. खुर्ची राहिली.

त्या खुर्चीवर माझ्या लेकीने बसायचं, हे ठरलेलं होतं. म्हणजे मीच ठरवलं होतं. ती चेलो शिकली नानांकडे आणि श्वासावर यायला शिकली माझ्याकडे, पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून. एवढ्यात दुसऱ्या गावच्या एका शाळेतून तिला बोलावणं आलं होतं, मुलांना गाणी शिकवायला. "एकदा स्टुडिओत बसू दे, मग सांगते," असं म्हणून ती त्यांना झुलवत होती. तिची आई माझ्यावर धुसफुसायची. "तुमच्या नादाने पोरीच्या आयुष्याचं मातेरं होणार आहे," असं तिने मला पोळी वाढता वाढता सांगितलं होतं.

आणि स्टुडिओचं काम तर आटत चाललं होतं. गाण्यामागची व्हायोलिनं आता मशीन वाजवत होतं. कोणीतरी 'उदास, पण गोड' असं टाइप करायचं आणि कपातला चहा गार व्हायच्या आत ढीगभर व्हायोलिनं हजर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नाक मुरडलं आणि "जीव नाही हो यात" असं म्हणालो. ओळखीतले सगळे वाजवणारे हेच म्हणत होते आणि म्हणताना एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हते. कारण जीव होता. आम्ही सकाळी अर्धवट झोपेत वाजवायचो त्यात असायचा, त्याहून चांगलाच जास्त होता.

मग एक दिवस कानसेनचा फोन आला. "चौघं या. चेलोसुद्धा हवाय."

लेक नुसती हरखली. गजाला तिने इतकी राळ लावली की घरभर पांढरी भुकटी झाली. तिच्या आईनेही आमचा डबा त्या दिवशी जरा मोठा भरला.

स्टुडिओत व्हिओलावाल्या मावशी आधीच येऊन बसल्या होत्या. माझ्या शेजारी दुसरं व्हायोलिन वाजवणारा लंबू पाय कुठे ठेवावेत या नेहमीच्या विवंचनेत होता. प्रत्येकाच्या स्टँडवर कागद होते. कोरे. मावशींनी ते उलटून पाहिले.

"अरे, छापायचं विसरलास की काय?"

कानसेन एरवी काचेमागूनच बोलतो. आज तो आत आला.

"वाजवायचं नाहीये, मावशी. गाणं तयार आहे, मशीनने केलंय. पण फार स्वच्छ झालंय. ऐकणाऱ्याला कुठेतरी खटकतं म्हणे."

"मग आम्ही काय करायचं? मळवायचं?" लंबूने विचारलं.

"हो," कानसेन म्हणाला. "वाद्यं धरून बसा, पानं उलटा, जरा हला. नानांच्या खुर्चीखालचं कापड मी काढलंय, ती करकरू दे. आणि तुम्ही..." तो माझ्याकडे वळला, पण बोलला जमिनीशी. "तुमचा तो श्वास. मोठा. हवा तेवढा मोठा घ्या."

"माझ्याकडे चांगल्यातला खोकला आहे," लंबू म्हणाला.

"चालेल. एकदाच खोका." कानसेन हसलासुद्धा नाही.

मशीनला सर्दी होत नाही, एवढीच काय ती त्याची अडचण. तेवढ्यासाठी आम्ही कपडे इस्त्री करून आलो होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हायोलिन पेटीत टाकून चालू पडावं असं वाटलं.

"माझ्याकडे असं बघू नका," कानसेन म्हणाला. "उद्या श्वासही तेच घेईल. आज जमत नाहीये त्याला, म्हणून तुम्हाला बोलावता तरी आलं."

आणि लेक नानांच्या खुर्चीवर बसलेली होती. पाठ ताठ, गुडघ्यांत चेलो, डोळे माझ्या नाकाकडे. चालू पडायचं म्हणजे तिला तिथून उठवायचं. ते माझ्याच्याने होईना.

लाल दिवा लागला. पानं फडफडली. खुर्ची करकरली, तसा काचेमागे कानसेनने सुखाने डोळे मिटले. लंबू बेताने खोकला. मग कानसेनने माझ्याकडे बोट केलं आणि मी श्वास दिला.

लेकीने वाजवलं.

जाड तारेवरचा एकच सूर, भरदार, सरळ. पायाखालची फळी त्याने घुमली. माझा गज आपसूक तारेपर्यंत गेला होता. मावशींचाही. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने हात आवरला.

"सुंदर होतं," काचेमागून आवाज आला. "पण वाजवू नका, बाळा. फक्त श्वास घ्या."

"सॉरी काका."

पुन्हा दिवा लागला. या वेळी तिने गज खाली जमिनीवर ठेवला होता आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गच्च धरले होते. मी श्वास दिला. कोणीच आलं नाही.

"बरोब्बर!" कानसेन म्हणाला. "हेच हवं होतं."

त्यानंतर त्याने माझ्याकडून इतके श्वास घेतले की मला घेरी यायला लागली. निघताना मी त्याला बाजूला घेतलं. "तिचा तो सूर ठेवला आहेस ना रे?"

"कापला," तो म्हणाला. मग जरा ओशाळला. "सवयीने कापला हो."

गाणं तुफान चाललं. न्हाव्याकडे तेच, बसमध्ये तेच, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात तेच. आधी पानांची फडफड, खुर्ची, लंबूचा खोकला, मग माझं नाक, आणि त्यावर ती सगळी व्हायोलिनं अशी उतरायची की अंगावर काटा यावा. मलाही यायचा. त्याचाच संताप व्हायचा. शेजारी जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "हे अगदी समोर बसून वाजवल्यासारखं वाटतं. मशीनला जमायचं नाही ते. तुम्ही आहात ना यात?"

"आहे," मी म्हणालो.

एका रविवारी मी व्हायोलिन काढलं आणि लेकीला हाक मारली. नानांनी आम्हा दोघांसाठी बसवलेली एक चीज होती, ती तिला झोपेतही येते. ती बसली, तारा जुळवल्या, गज उचलला. मी श्वास दिला आणि वाजवायला लागलो. एकटाच. तिचा गज हवेत होता.

पुन्हा दिला. पुन्हा एकटाच.

"काय गं? विसरलीस?"

"नाही बाबा." ती तारांकडे बघत होती. "तुम्ही श्वास घेतलात की मी थांबते. पुढे ते सुरू होईल असं वाटतं."

ते म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

"मग मी मोजतो ना," मी म्हणालो. "मोजून सुरू करू. त्यात काय एवढं!"

"चालेल," असं म्हणून ती हसली. लहान मुलाची समजूत घालताना हसतात तशी. मी मोजलं. आम्ही चीज शेवटपर्यंत वाजवली. कुठेही चुकलो नाही. कोणीही ऐकून छान म्हटलं असतं.

मग तिने गज सैल केला, चेलो खोळीत घातला, चेन वरपर्यंत ओढली आणि खिडकीशी उभं राहून शाळेला फोन लावला. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या मनासारखं होत होतं, पण तिचा चेहरा माझ्याइतकाच उतरला होता.

"हो, येते मी," लेक फोनवर सांगत होती. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने वळून एकदा खोळीकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "वाद्य नाही. नुसतीच येते."