मापाची वाटी

सुगंधाने वाटी भाताने काठोकाठ भरली, वर आलेली शितं बोट फिरवून पातेल्यात पाडली आणि वाटी सासूच्या ताटात पालथी घातली.

"एवढोच?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"डॉक्टरांनीच लिहून दिलंय, आई. एक वाटी."

खोटं काहीच नव्हतं. अंधेरीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गुडघ्याची आतली बाजू तेवढी झिजली आहे, तेवढीच बदलू. पण वजन ब्याण्णव किलो. ते ऐंशीच्या खाली आलं नाही, तर बसवलेला अर्धा सांधा वर्षा-दोन वर्षांत सैल होईल आणि सगळं मुसळ केरात. नवरा, लवू, काळजीने मान डोलावत होता. सुगंधाला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

घरी येताच तिने माळ्यावरून ती जर्मनची वाटी काढली, कडेला पोचा आलेली. गुडघ्याने सासूला खाटेवर बसवलं आणि स्वयंपाकघर हाती आलं, त्या दिवशी तिनेच ती वर फेकली होती. पहिल्या खेपेला सातवा महिना असताना सासू याच वाटीने तिला भात मोजून घालायची, वरून बोट फिरवून. एकदा तिने आणखी मागितला तर चाळीतल्या चार बायकांदेखत म्हणाली होती, "पोट आसा की पखाल?" त्याला नऊ वर्षं झाली. सुगंधा एक शीतही विसरली नव्हती.

आता बांगड्याच्या कालवणाचा वास आला की म्हातारी खाटेवर उठून बसायची, आणि सुगंधा तिच्यासमोर पोटभर जेवायची. तिला त्याची लाज वाटली नाही. शेजारची शकु तर अख्ख्या जोगेश्वरीला सांगत सुटली होती, "सून असावी तर अशी! सासूचं पथ्य किती सांभाळते बघा."

पाच महिन्यांत काटा एकोणऐंशीवर आला. सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात ऑपरेशन झालं. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि हसले.

"फर्स्ट क्लास! वजन एवढंच ठेवा, पंधरा वर्षं बघायला नको. श्रेय सगळं सूनबाईंचं."

पंधरा वर्षं. सुगंधाने एक्स-रेचं पाकीट छातीशी घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताटं मांडत होती. रत्नप्रभाबाई काठी न घेता आल्या आणि स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

"वाटी मी पयल्याच दिवशी वळाखलंय गो."

सुगंधाचा हात थांबला. "मग बोलला का नाहीत?"

"कित्या बोलतलंय? माका माझ्या पायार उभा रवाचा होता."

त्यांनी तिच्या हातातून वाटी काढून घेतली, पातेल्यात बुडवली आणि वरून सावकाश बोट फिरवलं.

"खाली बस," त्या म्हणाल्या. "तुझा ताट फुडे कर."