न वाजलेली शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, मित्रांनो. कांदिवलीच्या एका घरात, शिवणाच्या डब्यात, सुट्या बटणांच्या सोबतीने मी पडून असते. मला फुंकायला आता कुणी येत नाही, आणि यावं असं तोंड मला उरलेलंही नाही.

घाटकोपरच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा कापला, वाकवला, जोडाला डाग दिला आणि पोटात बुचाचा एक गोल दाणा सोडला. तो दाणा नाचू लागला की माझा आवाज पलीकडच्या टेकडीवर पोचत असे. ही बढाई नाही, खरंच पोचत असे. १९८१ साली मुलुंडच्या सहदेव राण्यांनी मला विकत घेतलं. ते रानवाट मंडळाचे म्होरके. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वीस-पंचवीस माणसं त्यांच्यामागून येऊरच्या, तुंगारेश्वरच्या रानात पायी हिंडायला जात.

मंडळाची एक रीत होती. सहदेव सगळ्यांत पुढे चालायचे आणि मी सगळ्यांत मागच्या माणसाच्या गळ्यात असायची. त्या माणसाला सगळे ‘शेपूट’ म्हणत. कुणी पडलं, दमलं, तर शेपटाने मला तीनदा फुंकायचं आणि पुढच्यांनी होते तिथे थांबायचं. मी वाजले नाही, तर मागे सगळं ठीक आहे असं समजायचं. या भरवशावर सहदेव कधी मागे वळून बघत नसत. एकदा धुक्यात चुकलेल्या दोघी बहिणी माझ्या आवाजाच्या रोखाने परत आल्या, तेव्हा त्यांनी मला झेंडूचं फूल वाहिलं होतं. मी तेव्हा किती फुशारले होते!

निघण्यापूर्वी इमारतीखाली मला एकदा फुंकून बघायचं, हा सहदेवांचा शिरस्ता होता. पण पहाटे पाचला तळमजल्यावरच्या सोनूबाई खिडकीत येऊन करवादायच्या, की रविवारी तरी लोकांना झोपू द्या. त्यांचंही चुकत नव्हतं. सहदेव पडले भिडस्त. त्यांनी फुंकून बघणं सोडून दिलं. पुढे एका सहलीहून परतताना मी होते त्या पिशवीत कोकम सरबताची बाटली कलंडली. घरी आल्यावर पिशवी धुतली गेली, मला मात्र कुणी धुतलं नाही. तो गोड पाक माझ्या तोंडाच्या फटीत वाळून दगड झाला आणि दाणा त्यात रुतून बसला.

शहाऐंशीच्या जानेवारीत मंडळ येऊरला निघालं. त्या दिवशी नलिनी शेपूट होती. कांदिवलीची, टेलिफोन खात्यात नोकरी करणारी, गोड गळ्याची मुलगी. तिच्यापुढे अंबादासकाका चालत होते. घाटकोपरचे निवृत्त पोस्टमन, जन्मभर पायी हिंडलेले. त्यांना मधुमेह होता. सकाळी ते इन्सुलिनची सुई टोचून आले होते, पण न्याहारी झऱ्यावर सगळ्यांनी मिळून करायची असा मंडळाचा नियम, म्हणून पोट रिकामं. रक्तातली साखर उतरलीच तर खायला खडीसाखर त्यांच्या पिशवीत होती. चढावर सगळे दम खायला थांबले, तेव्हा काकांना धाप लागलेली बघून सहदेवांनी ती पिशवी मायेने स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि ते पुढे गेले.

थोड्या वेळाने काका एका दगडाला टेकून बसले. हात थरथरत होते, सदरा घामाने भिजला होता.

“नलू, साखर सहदेवकडे गेली ना गं,” ते म्हणाले.

नलिनीने मला ओठांत धरलं आणि जोर लावून फुंकलं. नुसती फुस्स हवा आली. तिने पुन्हा फुंकलं. केसांतला आकडा काढून फट खरवडली, दगडावर मला आपटलं, पुन्हा फुंकलं. मित्रांनो, मी माझ्या परीने जिवाच्या आकांताने प्रयत्न केला हो! दाणा तसूभर हलला नाही. मग ती ओरडू लागली, पण वळणापलीकडे वाऱ्याने आवाज पोचू दिला नाही.

काकांचे डोळे मिटत चालले होते. “वाजवलीस का गं?” त्यांनी विचारलं. त्यांचे कान वयाने मंद झाले होते.

“वाजवली काका. येतायत ते,” नलिनी म्हणाली.

काका समाधानाने हसले. तिने त्यांना कुशीवर निजवलं आणि ती पळत सुटली. मी तिच्या छातीवर आदळत होते. झऱ्यावर मंडळी भाकऱ्यांची फडकी सोडून शेपटाची वाट बघत बसली होती. सहदेव म्हणाले, “शिट्टी नाही वाजली, म्हटलं सगळं ठीक असेल.” तिने धापा टाकत काकांच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

सगळे धावले. काका बेशुद्ध होते. चादरीच्या झोळीतून त्यांना डोंगराखाली आणलं, इस्पितळात पोचवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

तिसऱ्या दिवशी सहदेवांनी मला गरम पाण्यात टाकलं. पाक विरघळायला चहा उकळण्याइतका वेळही लागला नाही. त्यांनी फुंकलं आणि मी खणखणीत वाजले. त्या आवाजाची मला स्वतःचीच शिसारी आली. नलिनी समोर बसली होती. ती म्हणाली, “काकांना मी सांगितलं होतं, वाजवली म्हणून.” सहदेवांनी मला तिच्या हातात दिलं आणि तोंड फिरवून ते रडले.

मित्रांनो, तुमच्याही गळ्यात कधी माझी एखादी बहीण असेल. तिला धुऊन ठेवा, निघण्यापूर्वी फुंकून बघा, कुणी रागावलं तर रागावू द्या. आणि ती वाजली नाही, तरी मागे वळून बघा. मागे कुणीतरी तुमची वाट बघत असेल.